उजवी कळी

आक्का गेल्याचा निरोप मला हातकणंगल्याला मिळाला. लेकीच्या बाळंतपणासाठी गेले होते. नातवाला न्हाऊ घालून उठत होते तोच कोपऱ्यावरचा दुकानदार सांगत आला, कोल्हापूरचा फोन आहे म्हणून. पलीकडून आमचे हे एवढंच म्हणाले, "वहिनी गेल्या. सकाळीच. तू ये." खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता आक्का मला काय म्हणाली असती ते कधीच कळणार नाही... निघायच्या आदल्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगितली होती. पंधरा वर्षं पोटात ठेवलेली. ती म्हणाली होती, "जा लेकीकडं. आलीस की बोलू."

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही गुरव. गल्लीच्या तोंडाशी देवीचं लहानसं देऊळ आहे, त्याची पूजाअर्चा आमच्या घरात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते आणि सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलेलं. थोरले दीर, म्हणजे आक्काचे मालक, आदल्या वर्षी "गोव्याकडं जाऊन येतो" असंही कुणाला न सांगता पहाटे घरातून निघून गेले होते. गोव्याकडं गेले, हेसुद्धा महिन्याभरानं तिसऱ्याच माणसाकडून कळलं. आमचे हे कारखान्यात पाळीला जायचे. राहता राहिल्या दोघी बायका, म्हणून देऊळ आम्हीच सांभाळलं. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पण आक्का कौल लावायला लागली आणि सगळ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

कौल म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, माणसानं आपला प्रश्न सांगायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लोक येत ते बहुतेक काहीतरी सुटत नाही म्हणून. जमीन, भाऊबंदकी, मोडलेलं लग्न. गडमुडशिंगीची एक बाई आलेली मला आठवते, तिचं तान्हं गेलं होतं आणि पाळणा देऊन टाकावा का, एवढंच तिला विचारायचं होतं. कळी बराच वेळ पडेना. शेवटी आक्काच म्हणाली, "पाळणा देऊन टाक बाई. घरात रिकामा ठिवलास तर तूच त्यात निजशील." बाई तिथंच भडभडून रडली आणि हलकी होऊन गेली. मग उजवी कळी पडली. आक्का असं दुसऱ्याच्या हातातलं सोडवायची फार सहज.

तिचं स्वतःचं मात्र अडलं होतं. माहेर हुपरीचं. भाऊ महादेवदादा घरातच चांदीचं काम करायचे, आणि पैंजणाला घुंगरू जोडण्यात आक्काचा हात लग्नाआधीपासून बसलेला. दर दसऱ्यानंतर दादा एसटीनं यायचे, चहा प्यायचे आणि तेच बोलायचे. "हितं काय ऱ्हायलंय तुझं? चल की. भट्टीजवळची जागा मोकळी हाय." आक्का म्हणायची, "देवीला इचारतो."

आमच्या घरचा रिवाज असा, की आपला कौल आपल्या हातानं लावायचा नाही. हाताला आपलं मन कळतं म्हणतात. म्हणून तिचा कौल मी लावायची. ती समोर पदर पसरून बसायची आणि विचारायची, "हितंच ऱ्हाऊ का?"

दादा पहिल्यांदा बोलवायला आले त्या वर्षी माझं वय बावीस. थोरली पाच वर्षांची, धाकटा अंगावर पिणारा, आत सासूबाईंचं सगळं अंथरुणात. आक्का गेली असती तर हे माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं असतं. डावी कळी मी चांगली भिजवली. उजवीला नुसता ओला हात लावला. एवढंच केलं. कमी पाण्याची कळी लवकर सुकते आणि पडते, हे गुरवाच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. पाच मिनिटांत उजवी कळी खाली आली. आक्का नमस्कार करून उठली आणि सासूबाईंना पेज भरवायला आत गेली.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. दर वेळी मनाशी म्हणायची, एवढंच वर्ष, मुलं जरा मोठी होऊ देत. माझ्या हाताला सवय झाली होती आणि मला लाज वाटायची तीसुद्धा दसऱ्याच्या आसपासच.

चौथ्या वर्षी श्रावणात सासूबाई गेल्या. आता मला तिला अडकवायचं कारण उरलं नव्हतं. त्या दसऱ्यानंतर मी दोन्ही कळ्या एकाच वाटीत, एकदमच भिजवल्या, सारख्या लावल्या, आणि मनापासून म्हटलं, डावी पाड आई, हिला जाऊ दे. महादेवदादा पायरीवर बसले होते. उजवी पडली... माझ्या डोळ्यांदेखत, माझा काही हात नसताना.

आक्कानं कळी उचलून पदरात घेतली. मग भावाला म्हणाली, "चार येळा एकच सांगितलं देवीनं. आता मला बोलवाय येऊ नगंस." दादा चहा न पिता गेले. त्यानंतर ती हुपरीला गेली नाही, लग्नकार्यालाही नाही. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण काय सांगणार? पहिले तीन माझे होते म्हटलं, तर चौथा खरा मानून ती राहणारच. आणि चौथाही माझाच असं खोटं सांगितलं, तर देवीचं नाव घेऊन आणखी एक खोटं. मी कामाला लागले. ती माझ्या मुलांची आई झाली.

या वर्षी लेक बाळंत झाल्याचं कळलं आणि आक्कानं डिंकाचे लाडू वळायला घेतले. म्हणाली, "तुझी पोरगी म्हंजे माझीच की गं सुशे." मला ते सोसवेना. परातीजवळ बसून मी सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला.

"किती येळा?"

"तीनदा. चौथ्यांदा सारख्या लावल्या होत्या, देवीशपथ."

"मग ह्यातलं देवीचं कुठलं आन् तुझं कुठलं, मी कसं वळखायचं?" आवाज चढला नव्हता. मी रडत होते, तिनं मला गप्पही केलं नाही. उरलेले लाडू वळले, डब्यात भरले, डबा माझ्या पिशवीत ठेवला. आणि ते वाक्य बोलली, आलीस की बोलू.

बाराव्याला महादेवदादा आले. म्हातारे झालेत. मला वाटलं होतं, माझ्याशी बोलणार नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का आलती हुपरीला. तुमी गेलासा त्याच्या दुसऱ्या दिवशी." इतक्या वर्षांनी ती एकटी एसटीत बसून गेली, थेट भट्टीजवळ बसली आणि दुपारपर्यंत घुंगरू जोडत राहिली. दादांच्या सुनांना हसत हसत म्हणाली, तुमचे जोड दिसतात, माझा दाखवा. मग भावाला विचारलं, "जागा हाय का अजून?" दादा म्हणाले, "आजपास्नंच ऱ्हा की." त्यावर ती म्हणाली, "न्हाई. सुशी बारसं करून येऊ दे. तिच्या हातात देवळाची किल्ली देतो, तिला सांगतो आन् मग येतो. न सांगता जाणाऱ्यानं काय केलं ते मी बघितलंय."

बारशाला आठ दिवस होते. हुपरीहून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी सकाळी तिनं प्राण सोडला.

तिच्या खोलीत एक गाठोडं निघालं. तीन लुगडी, चष्मा, हुपरीहून आणलेला घुंगरू जोडायचा नवा चिमटा. दादा म्हणाले, तिच्या जागेवर ठेवायला आणून द्या, मी नेत नाही, तुम्हीच या. आज पाच आठवडे झाले. दोनदा गाठोडं काखेत मारून निघाले आणि दोनदा पायरीवर माणसं बसलेली दिसली, कळ्या घेऊन, लांबून आलेली. देवळाची किल्ली माझ्या कमरेला आहे. ती कुणाच्या हातात देऊन निघावं, असं कौल लावणारं दुसरं घरात कुणी नाही.