कर्वेनगरचे लेले

बायकोला ठाऊक नाही. आईला तर नाहीच. ज्या सायंदैनिकात हे घडलं तिथल्याही कुणाला नाही — आणि ते दैनिक आता बंद पडलंय, म्हणजे तिकडून कुणी जाब विचारायला येण्याचीही भीती नाही. मग आत्ताच का सांगतोय? गेल्या नोव्हेंबरात बँकेत एक प्रसंग घडला. तो सांगायचा तर आधीचं सगळंच सांगावं लागेल. म्हणून सांगतो.

मी मूळचा यवतमाळचा. पुण्यात आलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. कर्वेनगरला एक खोली, कोपऱ्यावरची मेस, आणि एका छोट्या सायंदैनिकात उपसंपादकाची नोकरी. माझ्याकडे पान होतं वाचकांच्या पत्रांचं. तुम्हाला वाटेल, पुण्यात काय, पत्रांचा नुसता ढीग पडत असेल. पूर्वी पडायचा म्हणे. मी आलो तोवर मतं असलेली सगळी माणसं मोबाइलवर गेली होती. दिवसाला दोन पत्रं यायची, त्यातलं एक नळाला पाणी नाही म्हणून. संपादक म्हणाले, "पान कोरं जाता कामा नये. बघा काहीतरी."

मी बघितलं. मी लेले तयार केले.

द. वा. लेले, कर्वेनगर. वय सत्तर, निवृत्त, विधुर. द. वा. म्हणजे काय हे मी कधी ठरवलंच नाही. लेलेच का? खरं सांगू? या गावात मला कुणी मत विचारत नव्हतं. तोंड उघडलं की समोरचा किंचित हसायचा आणि म्हणायचा, "तिकडचे का तुम्ही?" लेल्यांना असं कोण विचारणार? लेल्यांना सगळ्याबद्दल मत होतं. नदीकाठी ओतलेल्या सिमेंटबद्दल. मोबाइलवरून मागवलेल्या कोथिंबिरीच्या एका जुडीसोबत तीन पिशव्या प्लास्टिक येतं त्याबद्दल. "पुण्यात दोनच गोष्टी वेळेवर बंद होतात — दुकानं आणि डोकी," असं त्यांनी एकदा लिहिलं. संपादक खूश झाले. "हे लेले बरे सापडले तुम्हाला," म्हणाले. मी मान डोलावली.

खोटं इथवरच राहिलं असतं तर? कुणाचं काही बिघडलं नसतं. वर्तमानपत्रांत असं चालतं, हे मलाही माहीत होतं. पण मग उत्तर आलं.

लेल्यांनी मोबाइलवरच्या खेळांविरुद्ध लिहिलं होतं — मुलांच्या हाती खेळ देणारे आईबाप म्हणजे घराला आग लावून शेकत बसणारे, वगैरे. चार दिवसांनी एक पाकीट आलं. आत रेघी कागद, वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. "श्री. लेले यांनी आयुष्यात एकही खेळ खेळलेला नसावा, हे त्यांच्या वाक्यरचनेवरूनच कळते. मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि रोज सायंकाळी मोबाइलवर शेती करते. घर अद्याप जळालेले नाही." खाली नाव — मेहरुन्निसा तांबोळी, निवृत्त शिक्षिका, मंडईमागे.

बाईंनी महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. त्यांच्या चार पिढ्या मंडईमागच्या त्याच गल्लीत गेल्या होत्या. मी ज्या पुण्याची नक्कल करत होतो ते पुणं त्या सहज, पेनाचं टोपण काढता काढता लिहायच्या.

लेल्यांनी उत्तर दिलं. बाईंनी प्रत्युत्तर दिलं. भाजीवाल्याकडे मोबाइलने पैसे द्यावेत की रोख, यावर तीन आठवडे जुंपली. "यंत्राने सुटे पैसे वाचले, पण सुट्यांसाठी थांबताना होणाऱ्या गप्पा गेल्या," असं लेल्यांनी लिहिलं, तर बाई म्हणाल्या, "श्री. लेले भाजीवाल्याशी गप्पा मारतात यावर माझा विश्वास नाही. ते घासाघीस करतात." वाचक फोन करून विचारू लागले, आज तांबोळी बाई आहेत का? आणि मी — मी दुपारच्या टपालाची वाट बघू लागलो. अशी वाट मी तोवर कशाचीच बघितली नव्हती. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं दोन, मेसवाल्या काकू आणि मुख्य उपसंपादक. पण माझ्या प्रत्येक मताला शब्दाशब्दाने उत्तर देणारं या शहरात एक माणूस होतं.

मग एक पाकीट वेगळं आलं. वर लिहिलं होतं, "श्री. लेले यांना पोचते करावे. खासगी."

उघडलं मी. का उघडू नये? माझंच होतं ना ते? — म्हणजे त्यांचं. असंच समजावलं स्वतःला.

आत भांडण नव्हतं. लिहिलं होतं की भाची लग्न होऊन मस्कतला गेली, तिनेच हा शेतीचा खेळ शिकवला, दोघींची शेतं शेजारी शेजारी आहेत. आता भाचीला मूल झालं, तिला वेळ होत नाही, तिचं शेत वाळलं. "छापण्यासारखे नाही, म्हणून वेगळे लिहिले. आपण हसाल. हसा." मी हसलो नाही. लेल्यांतर्फे उत्तर लिहिलं, ऑफिसच्या संगणकावर, आणि वर मखलाशी केली की हात थरथरतो म्हणून शेजाऱ्याकडून टाइप करून घेतो. एक खोटं उभं राहायचं तर त्याला टेकू म्हणून दुसरं लागतं. एकदा लेल्यांनी टोमॅटोला भेदरं म्हटलं. आमच्याकडचा शब्द, हातून निसटला. बाईंनी लगेच पकडलं, "कर्वेनगरात भेदरं कधीपासून पिकू लागली?" मग लेल्यांची वीस वर्षं नोकरी अकोल्यात झाली, असं ठरवावं लागलं.

दोन वर्षं चाललं हे. त्या पत्रांत मी माझं कितीतरी खरं लिहिलं — वडील गेले तेव्हा घरी वेळेवर पोचू शकलो नाही, रविवार खायला उठतो, हे सगळं. फक्त ते सत्तर वर्षांच्या माणसाच्या नावावर. बाईंनी एकदा लिहिलं, "माझ्या शेताच्या दुसऱ्या बाजूचे शेत रिकामे आहे. खेळांना नावे ठेवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावे." मी तो खेळ मोबाइलवर घेतला. नाव दिलं 'लेले'. त्यात रोज पाणी घालावं लागे. शेजाऱ्याचं पीक सुकत असेल तर आपण घालू शकत होतो. बाईंनी वांगी लावली, मी भेदरं. संध्याकाळी पान लावून झालं की उघडायचो, आणि माझ्या रोपांवर थेंब चमकत असायचे. कुणीतरी येऊन गेलं, एवढंच त्यावरून कळायचं.

पुढचं पत्र येणार हे मला कळायला हवं होतं. "आता एकदा समोरासमोर भांडू या. रविवारी सकाळी दहाला, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, हरणांच्या कुंपणासमोरच्या बाकावर. वाघासमोर नको, आपण दोघेही त्याला बोलू देणार नाही."

लेल्यांना येता येणार नाही, एवढं कळवायचं होतं. एक ओळ. ती मी लिहिली नाही. उलट लिहिलं — "अवश्य." का लिहिलं? मला त्यांना बघायचं होतं. बस्स, एवढंच.

मी साडेनऊलाच पोचलो आणि पलीकडच्या झाडाखाली उभा राहिलो. दहाला पाच कमी असताना त्या आल्या. बारीक चणीच्या, करड्या रंगाची सुती साडी, पायांत चपलांऐवजी बूट, हातात कापडी पिशवी. पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला, शेजारी जागा राखावी तसा. समोरून जाणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे त्या मान वर करून बघायच्या. एकाला बघून तर अर्ध्या उठल्यादेखील. तो पुढे निघून गेला. अकरा वाजले. साडेअकरा. वीस पावलांचं अंतर होतं आमच्यात. मी जाऊन म्हणू शकलो असतो — बाई, लेले नाहीत, मी आहे. रागावल्या असत्या. कदाचित कायमच्या. पण मग मी तरी उरलो असतो. बाराला त्यांनी डबा न उघडताच पिशवीत ठेवला आणि गेल्या. मी झाडाखालीच होतो.

मंगळवारी पत्र आलं. रागाचं असतं तर बरं झालं असतं. "तब्येत ठीक नाही का? शुक्रवारी पेपरच्या कार्यालयात येऊन आपला पत्ता घेते."

शुक्रवार. मला दुसरं काही सुचलं नाही — नाही, सुचलं होतं. खरं सांगणं सुचलं होतं. ते सोडून मी गुरुवारच्या पानावर तीन ओळींची चौकट लावली. "आमचे जुने पत्रलेखक श्री. द. वा. लेले यांचे अल्पशा आजाराने निधन झाले." अल्पशा आजाराने. हे दोन शब्द टाइप करताना माझा हात जराही थरथरला नाही.

शुक्रवारी बाई आल्याच. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी घरच्यांचा पत्ता मागितला, भेटून येते म्हणाल्या. मी म्हणालो, मुलगा परदेशात असतो, फ्लॅटला कुलूप आहे. त्यांनी हातातला पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "पत्रात दम लागलेला कधी जाणवला नाही हो." आणि पर्समधून एक कागद काढून दिला. लेल्यांवर लिहिलं होतं. "जागा असेल तर छापा."

जागा होती. तरी मी त्यातली चार वाक्यं कापली. त्यांत कात्रजच्या बाकाचा उल्लेख होता, आणि एक वाक्य होतं — "मी दोन तास थांबले, आणि मनात त्यांना बोल लावले, याची मला लाज वाटते." लाज त्यांना वाटत होती. मी ते वाक्य वाचलं आणि कापलं. छापून आलेला मजकूर त्यांनी बघितला असणार. त्यानंतर त्यांचं एकही पत्र आलं नाही.

महिन्याभराने कधीतरी मी तो खेळ उघडला. वाटलं होतं, माझं शेत केव्हाच वाळलं असेल. नव्हतं वाळलं. भेदऱ्यांवर पाणी होतं. दुसऱ्या दिवशी होतं, तिसऱ्या दिवशीही. बाई मेलेल्या माणसाच्या शेताला रोज पाणी घालत होत्या. त्यांच्या स्वतःच्या वांग्यांची पानं मात्र पिवळी पडली होती, खेळात प्रत्येकाला दिवसाला मोजकंच पाणी मिळायचं. मी एकदा बोट ठेवलं असतं तर ती वांगी तरारली असती. पण मेलेला माणूस पाणी कसं घालणार? मी नुसता बघत राहिलो, बरेच दिवस. मग तो खेळच मोबाइलवरून काढून टाकला.

पुढे ती नोकरी सोडली. एका कंपनीत माहितीपत्रकं लिहिण्याचं काम मिळालं. लग्न झालं. वडिलांनंतर गावी एकटीच राहणाऱ्या आईला इकडे घेऊन आलो. आता मला कुणी 'तिकडचे का' असं विचारत नाही. मंडईत कितीदा गेलो असेन, पण मागच्या गल्लीकडे पाय वळले नाहीत. नाही, वळले होते — दोनदा. कोपऱ्यावरून परतलो.

आणि गेल्या नोव्हेंबरात आईच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. हल्ली तो मोबाइलवर काढतात. कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकावायचे, यंत्राला पटलं की तुम्ही जिवंत. आईचं झालं. शेजारी एक बाई मोबाइलशी झगडत होत्या. आई म्हणाली, "बापू, पाय ना त्यायचं जरा." काय अडलंय ते पाहायला मी वळलो.

केस पांढरे झाले होते, बाकी त्याच. "तीनदा डोळे मिचकावले," त्या म्हणाल्या. "यापेक्षा जास्त मिचकावले तर लोक वेगळा अर्थ काढतील. समोर बसलेल्या साहेबांना मी दिसतेय, पण त्यांचा विश्वास मोबाइलवर."

मी मोबाइल हातात घेतला. त्यांना खिडकीच्या उजेडात वळायला सांगितलं. त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. झालं. मोबाइल परत देताना त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तुम्ही त्या पेपरातले ना? पत्रांच्या पानावरचे?"

मी हो म्हणालो.

"लेल्यांना भेटला असाल तुम्ही."

आई बाजूला उभी होती. मागे रांग होती. ही कारणं नाहीत, फक्त कोण कुठे होतं ते सांगतोय. मी म्हणालो, "हो. यायचे कधी कधी ऑफिसात."

बाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांचा चेहरा — कसा सांगू? वर्गात कुणी बरोबर उत्तर द्यायला उठावं तसा झाला.

"कसे होते हो बोलायला? आवाज कसा होता?"

आणि मी सांगितलं. म्हणालो, उंच होते, जरा वाकून चालायचे. आवाज बारीक होता, पण चिडले की चढायचा. खिशात बडीशेप ठेवायचे. म्हणालो, तुमचं पत्र आलं की आधी उभ्यानेच वाचायचे, मग खुर्चीत बसून पुन्हा. शेवटचं तेवढं खरं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही न तोडता.

"बारीक आवाज," त्या म्हणाल्या. "वाटलंच होतं मला."

मग त्यांनी माझ्या आईला नमस्कार केला आणि जपून पायऱ्या उतरून गेल्या.