बंद प्रेसचा एक स्ट्रोक

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. वाळूजला एका कंपनीत प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या मशिनींचा, सुपरवायझर आहे मी. कुणी रजा मागायला आला तरी आधी संशयच येतो.

माझा मेहुणा संतोष, पिशोरचा, माझ्याच हाताखाली कामाला. प्रेसमध्ये त्याचा उजवा पंजा चेचला. जखम भरली, हाडं जुळली... पण दुखणं वाढतच गेलं. पंख्याचा वारा लागला तरी ओरडायचा! डॉक्टर म्हणाले, "नाटक नाही हे. कधी कधी जखम बरी होते, पण नसा घाबरलेल्याच राहतात. साधा स्पर्शही मेंदूला दुखणं वाटतो." मला काही पटेना. त्यात हा पठ्ठ्या म्हणायचा, "दाजी, तिकडं ती प्रेस पडली की इथं हात लई ठणकतो." इथं म्हणजे बजाजनगरला, आमच्या घरी — जिथं कंपनीचा आवाजसुद्धा येत नाही.

त्याला बसून करायचं काम द्यायचं की घरी बसवायचं, हे मॅनेजर मलाच विचारून ठरवणार होते. म्हटलं, याला पकडायचाच.

खंडेनवमीला मशिनींची पूजा झाली. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्याकडं मशीनला कुणी हात लावत नाही. घरी येऊन संतोषसोबत चहा घेत बसलो.

"आज तरी आराम असेल?"

"व्हय दाजी, आज शांत हाय."

आणि एकदम किंचाळून त्यानं हात छातीशी धरला. "पडली! दाजी, प्रेस पडली!"

सापडला, म्हटलं! त्याचा मोबाइल खिशात टाकला आणि गाडी काढून तडक कंपनीत गेलो.

त्याच प्रेसपाशी मेंटेनन्सचे शेखभाई एकटेच. मला बघून चपापले. डायवर, खालच्या साच्यावर, हारातली झेंडूची फुलं चेंदामेंदा झालेली.

"साहब, आज चलाते नहीं, मालूम है... नया सेन्सर बसवला होता, आत्ता दहा मिनिटांपूर्वी एकच स्ट्रोक मारला. किसी को बोलना मत."

दोघांचं संगनमत असेल म्हणून मी दोन्ही फोन तपासले. काही नाही. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "योगायोग." असेलही... पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

त्या संध्याकाळी संतोषला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा मला सुनावणार. पण तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"म्हंजी मी येडा नाय झालो ना, दाजी?"

"नाही रे," मी म्हणालो. तेवढंच मला ठामपणे सांगता आलं.