न हलणारा आकडा

नीरा कुणाला दुखवत नाही. पणजोबा बडोदे संस्थानात कारभारी होते, ती अदब हिच्यात पुरती उतरली आहे. बडोद्यात निजामपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात चहावाला साखर विसरला तरी ही हसून पिते. मला कधीकधी संताप येतो तिचा.

कारखान्यातल्या टाक्यांत ऑक्सिजन मोजणारे सेन्सर असतात; तो कमी असताना आत उतरलेला माणूस गुदमरतो. त्यांचे आकडे स्क्रीनवर आणणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, नीराने लिहिला. सेन्सरने आकडा दिला नाही तर प्रोग्रामने एरर फेकून तिथेच थांबावं, ही ओळ प्रोग्रामरला आपल्या हाताने लिहावी लागते. नीराने ती लिहिलीही होती. पण शहराबाहेर बाजव्याच्या एका कारखान्याने कुरकुर केली, की स्क्रीन सारखी लाल होते. झालं, बाईसाहेबांनी ओळ काढून टाकली. नवा आकडा आला नाही तर आधीचाच दाखवायचा.

"माणसं उगाच घाबरतात गं," ती म्हणाली. तो बदल तपासून मंजूर मीच केला होता.

परवा सकाळी ती त्या कारखान्याच्या नोंदी चाळत होती आणि एकदम पांढरीफटक पडली. चार नंबरच्या टाकीचा ऑक्सिजन २०.८७ टक्के, मोकळ्या हवेइतका. आदल्या दिवशीही तेवढाच, त्याच्या आधीही तेवढाच. अकरा दिवस, दर मिनिटाला तोच आकडा. सेन्सर कधीच बंद पडला होता आणि आमची स्क्रीन मजेत हिरवी होती.

"आज कुशल उतरणार आहे त्यात," नीरा म्हणाली.

कुशल तिचा धाकटा भाऊ, तिथे देखभालीच्या कामावर आहे. तिने फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला. मी कंट्रोल रूमला लावला, तिथेही कुणी घेईना. शेवटी तिचा फोन मीच स्पीकरवर टाकून धरला.

नवव्यांदा त्याने उचलला.

"कुशल, टाकीत उतरू नकोस."

"उतरून आलो पण. आता नाश्ता करतोय."

"अरे, तो आकडा खोटा आहे."

"इथे बधाने खबर छे, सगळ्यांना माहीत आहे, ताई. तो हलतच नाही. आम्ही आधी हातातलं मीटर आत सोडून बघतो."

नीराने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"अकरा दिवस माहीत होतं? मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"ते तर मीच सगळ्यांना ना पाडली होती, सांगू नका म्हणून," कुशल म्हणाला. "तुला वाईट वाटलं असतं."