चाळीस सेकंदांची शिट्टी

बेंगळुरातल्या बळेपेटेत वासुदेवरावांना समोर सगळे माइकसेट-अण्णा म्हणत आणि पाठीमागे संशय-अण्णा. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. ते कोणी ठेवलं याबद्दल त्यांचा तिघांवर संशय होता.

घराणं शिंप्यांचं. कितीतरी पिढ्या बेंगळुरात सुई चालवून पोट भरलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडण वाढलं की दोन्ही. वासुदेवरावांना मात्र कापडापेक्षा रेडिओचं पोट उघडण्याची गोडी. वडिलांनी पुष्कळ डोकं आपटलं, शेवटी शिलाईचं एक मशीन विकून मुलाला एक जुना अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे घेऊन दिले. ते साल सहासष्ट. तेव्हापासून पेटेतलं लग्न असो, गणपती असो की राज्योत्सवाची सभा, सेट वासुदेवरावांचाच. माइकचा आवाज भोंग्यातून फिरून पुन्हा माइकात शिरला की कानात सुई टोचल्यासारखी शिट्टी वाजते. ही शिट्टी म्हणजे माइकसेटवाल्याची अब्रू गेली. आणि आपल्या सेटनं जन्मात शिट्टी मारली नाही हे वासुदेवराव कोणालाही, न विचारता, सांगत.

संशय हा त्यांचा स्वभावच. कॉफीवाला दुधात पाणी घालतो, रिक्षावाला लांबून नेतो, पत्नी भागीरथीबाई देवळात जाते म्हणून बहिणीकडे जाते. शेवटचं खरं होतं. सेटच्या बावीस वायरी होत्या. प्रत्येकीच्या टोकाला वडिलांच्या दुकानातला हिरवा रेशमी दोरा गुंडाळलेला, म्हणजे दुसऱ्या कोणी आपली म्हणून उचलली तर पकडता यावी. कार्यक्रम संपला की मंजुनाथ वायरी गुंडाळायचा आणि वासुदेवराव त्या स्वतः मोजायचे.

मंजुनाथ त्यांच्याकडे अठरा वर्षं होता. आवाजाच्या मिक्सरवर बसणारा, शिडीवर चढणारा, चिडलेल्या वरबापाला समजावणारा, सगळं तोच. वायरी मोजण्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. पेटीचं झाकण हातात धरून तो हसत म्हणायचा, "मोजा अण्णा, मग पेटी लावतो."

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात वासुदेवरावांची थोरली बहीण पद्मावती सेटच्या गाळ्यात आली. तिच्या मुलानं, कार्तिकनं, कॉलेजातल्या तिघांना धरून बँड काढला होता. नाव 'सेकंड क्रॉस', कारण ते ज्या गॅरेजात वाजवत ते सेकंड क्रॉस नावाच्या गल्लीत होतं. कोरमंगलातल्या एका कॉलेजात दुपारी पहिला कार्यक्रम, आणि सेट मामानं द्यायचा.

"भजन आहे का?" वासुदेवरावांनी विचारलं.

"पोस्ट-हार्डकोर म्हणतो," पद्मावती म्हणाली. "मला काय कळतंय? अक्काचा मुलगा आहे, दे."

त्या दुपारी वासुदेवराव हॉलच्या दारात उभे राहिले ते संशय घेऊनच. कार्तिक गिटार हळू, जपून वाजवत होता, बाळ झोपवल्यासारखं. मग रविकुमारनं ड्रमवर असा काही घाव घातला की छतावरची कबुतरं उडाली, आणि मनस्विनी नावाची किडकिडीत मुलगी माइक तोंडाशी धरून किंचाळली. वासुदेवरावांना वाटलं तिला शॉक लागला. ते मेन स्विचकडे धावले. पण मुलं उड्या मारत होती, मुलीला काही झालेलं नव्हतं, आणि पुन्हा सगळं हळू झालं. हे असं चार गाणी चाललं. शांतता आली की वासुदेवराव दचकत, कारण आता पुढे काय होणार हे त्यांना कळून चुकलं होतं.

पाचव्या गाण्याच्या शेवटी शिट्टी वाजली.

ती बारीक सुरू झाली, चढली, आणि थांबेचना. वासुदेवरावांच्या सेटमधून. वासुदेवरावांच्या भोंग्यांतून. चारशे माणसांसमोर. त्यांनी मिक्सरकडे पाहिलं. मंजुनाथ दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसला होता. एवढंच नाही, तो गालात हसत होता.

आणि वासुदेवरावांच्या डोक्यात सगळं जुळलं. आठच दिवसांपूर्वी त्यांनी मंजुनाथला जयसिंगरावाबरोबर कॉफी पिताना पाहिलं होतं. जयसिंगरावाची शिवाजीनगरात नवी साउंड सिस्टिम आली होती आणि त्याला बळेपेटेतली गिऱ्हाइकं हवी होती. त्याला हवी तशी वासुदेवरावांची अब्रू आज इथे, भरदुपारी, निघत होती.

बँड सामान घेऊन बाहेर गेला. वासुदेवराव तरातरा मिक्सरपाशी आले.

"मंजा, कुणाच्या सांगण्यावरून केलंस हे? जयसिंगरावाच्या? अठरा वर्षं मीठ खाल्लंस आणि माझा सेट बिघडवलास?"

मंजुनाथ त्यांच्या कोपराकडे बघत होता. तिथे निवेदनाचा माइक होता आणि तो चालू होता. वासुदेवरावांचा शब्द न् शब्द हॉलभर घुमला होता. मराठी समजणारे थोडेच असतील, पण सूर सगळ्यांना समजला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मंजुनाथनं माइकचं बटण बंद केलं, कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला, गाळ्याची किल्ली त्याच्याशेजारी ठेवली आणि गर्दीतून निघून गेला.

त्या दिवशी वायरी वासुदेवरावांनीच गुंडाळल्या. बावीसच्या बावीस होत्या. माणूस हुशार आहे, वायर कशाला चोरेल, असं ते मनाशी म्हणाले.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं की मंजुनाथची नियत फिरली. भागीरथीबाई म्हणाल्या, "विचारलंत का त्याला?" यावर ते जेवणाच्या पानावरून उठले. मंजुनाथ जयसिंगरावाकडे गेला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तो येलहंक्यातल्या एका कल्याण मंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, माइक सांभाळायला लागल्याचं कळलं. वासुदेवरावांनी त्याचाही अर्थ लावला: जयसिंगरावानं काम करून घेतलं आणि हाकलला. संशयी माणसाचं बरं असतं, त्याला कुठलीही बातमी वाया जात नाही.

यानंतर बँडच्या कार्यक्रमाला मिक्सरवर ते स्वतः बसू लागले. दुसऱ्या कार्यक्रमाआधी कार्तिक चाचरत जवळ आला.

"मामा, ती शेवटच्या गाण्यातली शिट्टी..."

"काळजी करू नकोस," वासुदेवराव म्हणाले. "मी बसलोय आता. पुन्हा होणार नाही."

कार्तिकनं मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय सोडून तो गिटार लावायला गेला. सेट मामाचा, उपकार मामाचा. आणि ते जे बोलले ते त्याला ताकीद वाटली.

मग सव्वातीन वर्षं हेच झालं. जयनगर, मल्लेश्वरम, म्हैसूरला दोनदा, एकदा पार मणिपाल. गाण्याच्या शेवटी कार्तिक गिटार घेऊन अॅम्प्लिफायरसमोर जाऊन उभा राही, शिट्टीचं टोक कुठे निघतंय तोच वासुदेवरावांचं बोट बटण खाली ओढे आणि गाणं मान मुरगाळल्यासारखं संपे. लोकांना वाटे हीच यांची शैली. मुलांनी झेरॉक्स करून काढलेल्या एका मासिकात छापून आलं की 'सेकंड क्रॉस'सारखा निर्दयपणे गाणं संपवणारा बँड देशात नाही. कार्तिकनं ते कात्रण मामाला दाखवलं नाही. दोन कॅसेटी निघाल्या, थोड्या खपल्या. वासुदेवरावांना संगीत शेवटपर्यंत कळलं नाही, पण मनस्विनीला ते खडीसाखर नेऊन देऊ लागले. पोरीच्या घशाची त्यांना खरोखर काळजी वाटे.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चात बँड मोडायला आला. रविकुमारला अमेरिकेतली नोकरी मिळाली होती, मनस्विनी पुण्याला चालली होती. शेवटचा कार्यक्रम होसकोट्यापलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावर, रविवारी दुपारी चारला. आदल्या दिवशी वासुदेवराव भोंगे बांधून घ्यायला गेले. स्टेजवर, रविकुमारच्या ड्रमपाशी, चिकटपट्टीनं एक कागद लावलेला होता. गाण्यांची यादी. अक्षर कार्तिकचं. शेवटच्या गाण्यापुढे लिहिलं होतं: शिट्टी, चाळीस सेकंद.

वासुदेवरावांनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी कार्तिकला बोलावलं.

"हे काय?"

"पहिल्यापासून तसंच आहे, मामा," कार्तिक म्हणाला. "ती शिट्टी आम्हीच काढतो. गिटारमधून. कोरमंगलात मंजुनाथअण्णांना सांगितलं होतं, चाळीस सेकंद हात लावू नका. ते लगेच सरी म्हणाले, कबूल केलं. त्यांना तर ती आवडली होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, पुन्हा होणार नाही." त्यानं कागदाची सुटलेली चिकटपट्टी दाबली. "आणि मंजुनाथअण्णा का गेले हे मला कोणी सांगितलंच नाही."

वासुदेवराव स्टेजच्या कडेला खाली बसले. त्यांना पहिल्यांदा राग आला तो कार्तिकचा. मग तो कार्तिकवर टिकेना, भोंगे आणणाऱ्या भाड्याच्या टेम्पोवर, कॉलेजवर, जयसिंगरावाच्या कॉफीवरही टिकेना. फिरून फिरून तो स्वतः वासुदेवरावांकडेच येत होता, आणि या माणसावर संशय घेण्याची त्यांना सवय नव्हती.

ते तिथून थेट येलहंक्याला गेले. मंटपात दुपारच्या पंगती उठल्या होत्या. मंजुनाथ एका खांबाशी बसून माइकची जाळी पुसत होता. केस पिकले होते. वासुदेवरावांना पाहून तो उठून उभा राहिला, सवयीनं.

वाटेत त्यांनी बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र वेगळंच आलं. "तेव्हा मला का नाही सांगितलंस?"

काय बोलून गेलो हे त्यांना लगेच कळलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, अण्णा," मंजुनाथ म्हणाला. "तुम्ही सांगितलंत. तेही माइकवर."

"माइक चालू आहे हे मला दिसलं नाही."

"मला दिसलं. माझ्या मोठ्या मुलाचा मित्र त्या कॉलेजात होता, त्याला मराठी कळलं नाही, सूर कळला. त्या आठवड्यात मुलानं मला विचारलं, अप्पा, तुम्ही काय चोरलंत."

वासुदेवराव म्हणाले, "उद्या होसकोट्याला ये. चारला."

"मुहूर्ताचे दिवस आहेत. बघतो," मंजुनाथ म्हणाला आणि पुन्हा जाळी पुसायला लागला.

रविवारी वासुदेवरावांची नजर सारखी मैदानाच्या फाटकाकडे होती. चार वाजले, सव्वाचार झाले, बँडची जुळवाजुळव अजून चाललीच होती. साडेचारला मंजुनाथ आला आणि जनरेटरपाशी, सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून उभा राहिला. वासुदेवरावांनी निवेदनाचा माइक उचलला आणि या वेळी बटण नीट बघून चालू केलं. हजारो सभांसाठी त्यांनी हॅलो-हॅलो केलं होतं, पण माइकवर स्वतःचं असं काही ते आयुष्यात बोलले नव्हते.

"मी सेटवाला," ते आधी कन्नडमध्ये म्हणाले, मग मराठीत. "सव्वातीन वर्षांपूर्वी मी माइकवरून एका माणसाला चोर ठरवलं. मंजुनाथ त्याचं नाव. त्यानं काही बिघडवलं नव्हतं. चूक माझी होती. हे सुद्धा माइकवरूनच सांगायला पाहिजे म्हणून सांगतो."

पाचशे मुलांना ही बँडचीच काहीतरी गंमत वाटली. त्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. जनरेटरपाशी मात्र कोणी टाळी वाजवली नाही.

मग बँड वाजला, आणि शेवटच्या गाण्याचा शेवट आला. कार्तिक गिटार घेऊन अॅम्प्लिफायरसमोर गेला. शिट्टी निघाली. वासुदेवरावांचं बोट आपोआप बटणावर गेलं. त्यांनी ते मागे घेतलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसले. शिट्टी चढली, पसरली, तिच्या आत मनस्विनीचा आवाज मिसळला, आणि दहा सेकंदांनी वासुदेवरावांना वाटलं आपण मरतो. वीस सेकंदांनी ती इतकी वाईट वाटेनाशी झाली. चाळीसाव्या सेकंदाला कार्तिकनं तारांवर हात ठेवला. मैदानावर असा आरडाओरडा झाला, जसा त्या बँडनं सव्वातीन वर्षांत ऐकला नव्हता. कार्तिक मिक्सरकडे बघून लहान मुलासारखा हसला. वासुदेवरावांना मान वर करवेना. पोरांकडून आपण हे एवढी वर्षं ओढून घेत होतो.

मुलं पांगली. सव्वासहा वाजले असतील. मंजुनाथ न बोलावता स्टेजवर चढला आणि वायरी गुंडाळू लागला, पूर्वीसारख्याच, कोपर आणि अंगठ्यातून, एकही पीळ न पडू देता. वासुदेवराव शेजारी उभे राहिले. हे कायमचं असावं असं त्यांना फार वाटलं. शेवटची वायर पेटीत पडली तशी त्यांनी स्वतः झाकणाला हात घातला.

मंजुनाथनं झाकण धरून ठेवलं.

"मोजा अण्णा, मग पेटी लावतो."

"आज नको, मंजा."

"मोजा." तो हसत नव्हता. "मोजल्याशिवाय मी इथून जाणार नाही. उद्या एखादी कमी भरली तर?"

"माझा तुझ्यावर संशय नाही."

"माझा आहे," मंजुनाथ म्हणाला. "तुमच्यावर."

वासुदेवराव गुडघ्यांवर बसले आणि मोजू लागले. मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं. चौदाव्या वायरीपाशी आकडा चुकला तेव्हा त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मंजुनाथ झाकण धरून तसाच उभा होता. हिरवे दोरे एकेक करून त्यांच्या बोटांतून गेले.

"बावीस," ते म्हणाले.

"सरी," मंजुनाथ म्हणाला. त्यानं पेटी लावली, पायातली चप्पल झटकली आणि बस पकडायला फाटकाकडे निघून गेला.