हातमोज्यांचं प्रस्थान

स्कीइंगला जायचं तर नवे हातमोजे आधी घरी घालून बघावेत; दुसऱ्याच्या घरी मात्र ठेवू नयेत. माझा गुलमर्गला निघायचा दिवस आईला चांगला वाटेना. म्हणून तिनं आदल्या दिवशीच्या चांगल्या मुहूर्तावर माझे कोरे हातमोजे शेजारच्या काकूंकडं प्रस्थान म्हणून ठेवले. सामान उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला, असं आमच्या बेंबळी गावात मानतात. ऐनवेळी साहेबानं रजा नाकारली. मी चडफडत घरीच बसलो.

आठवड्यानं काकूंनी हातमोजे आणून दिले. ते ओले, थंडगार होते आणि स्कीच्या काठ्या घट्ट धरल्यासारखी त्यांची बोटं वळलेली होती. मी दोन पावलं मागं सरलो. आईनं मात्र गुपचूप भाकरतुकडा आणून ओवाळून टाकला. हातमोज्यांवरून.

"आन् मी?"

"तू कुठं गेला व्हतास?"