बाबांनी फोनवरून पारखलेली होडी

मंडळी, आज सकाळी देऊळघाटला माहेरी जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी रत्नागिरीत शिक्षिका आहे. तिथली मैत्रीण सलमा आणि मी किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरायला एक जुनी, छोटी शिडाची होडी घ्यायचं म्हणतोय. आज सलमानं होडीजवळून व्हिडिओ कॉल केला. रंग नवाकोरा, शीड पांढरंशुभ्र. मी लगेच हो म्हणणार होते.

माझे बाबा सुतार. जन्म बैलगाड्या करण्यात गेला, समुद्र कधी पाहिला नाही. त्यांनी फोन हातात घेतला. "पोरी, खालच्या फळ्याईवर ठोक बरं."

सलमा ठोकत गेली. टण, टण आवाज येत होता, मग एकदम भद्द.

"तिथं सडली हाये. रंगाखाली झाकली."

होडी हातची गेली असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा म्हणाले, "काऊन रडून राह्यली? तू बुडाली तं तुले काढू कसा? मले पोहताही येत नाही." मग म्हणाले, "दोन फळ्या बदलाव्या लागतीन. मीच येतो."

आता ते रंधा आणि पटाशी पिशवीत भरून बसलेत.

रत्नागिरीकरांनो, सत्तरीतल्या माणसाला पहिल्यांदा समुद्र कुठून दाखवावा?