व्याह्यांचं लाकूड फोडायचं मशीन

माझ्या व्याह्यांनी आयुष्यात एकतरी वस्तू दुकानातून सरळ विकत आणून सरळ वापरली असेल, तर मी मिशी उतरवून देईन. साठ वर्षं मी कलकत्त्यात सोनं गाळतोय. भट्टीपुढं नाना तऱ्हेची माणसं येऊन बसली, पण असा माणूस दुसरा नाही. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, रिटायर झाले आणि इथंच, सॉल्ट लेकला घर करून राहिले. माझी शाळा तिसरीत सुटली आणि ह्यांच्या नावापुढं डिग्र्यांची शेपटी. तरी नळ गळला तर मी वॉशर बदलतो आणि हे आधी फाइल उघडतात. खोटं सांगत नाही, ‘विषय : स्वयंपाकघरातील नळ’ असं वर लिहिलेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. मग जुन्या चपलेचं रबर कापून वॉशर घरीच करतात, तो गळतो, आणि कधी गळला ते फाइलीत जातं. एकदा पंखा उलटा बसवून डास ओढून घेणारं यंत्र केलं. त्यात डास एकही गेला नाही, माझ्या लेकीची ओढणी तेवढी गेली. ती ह्यांची सून. फोनवर मला म्हणाली, “आप्पा, बाबांना तुम्हीच सांगा काहीतरी.” आता ज्याला रेल्वेत रिझर्व्ह केलेली जागासुद्धा बसायच्या आधी टेपनं मोजून बघायची असते, त्याला मी काय सांगणार?

तर अशा माणसाच्या अंगणातला आंबा उन्हाळ्यातल्या वादळात मुळासकट पडला. तो विहीणबाईंनी लावलेला. विहीणबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या होत्या तोवर त्यांच्या ब्लॉकच्या दुर्गापूजेत अष्टमीच्या भोगाची खिचडी वाढायला त्याच पुढं असायच्या. नऊवारी नेसून बंगाल्यांच्या पंगतीत वाढायच्या आणि कोणी ‘पुरे’ म्हटलं तर ऐकायच्या नाहीत. झाडाचे करवतीनं ओंडके झाले, लाकूडवाला विचारायला आला, त्याला व्याह्यांनी फाटकातूनच परत लावला. पूजा कमिटीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, “ह्या वर्षी अष्टमीचा भोग हिच्या आंब्यावर शिजेल, आणि लाकूड मी स्वतः फोडून देईन.” टाळ्या झाल्या. पण ह्यांच्या काळजात दोन स्टेंट. कुऱ्हाडीला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद.

मी म्हटलं, “पाव्हणं, मी फोडतो की. माझे दंड अजून शाबूत आहेत.”

“व्याहीबुवा, शब्द मी दिलाय. आणि कुऱ्हाड न उचलता फोडायचं शास्त्र आहे.”

झालं, फाइल उघडली. शास्त्र असं, की मोटरनं पंप फिरवायचा, पंपानं सिलिंडरात तेल दाबायचं, मग सिलिंडरातला दांडा पुढं सरकतो, ओंडक्याला ढकलत पोलादी पाचरीवर नेतो, आणि ओंडका दुभंगतो. सिलिंडर आणला भंगारातल्या डंपरचा, मोटर जुन्या पिठाच्या गिरणीची, आणि तेलाची टाकी म्हणून मोहरीच्या तेलाचा पत्र्याचा डबा. तो नीट धुतलाच नव्हता. मोटर तापली की अख्ख्या गल्लीत मासे तळल्यासारखा वास सुटायचा, आणि शेजारचे घोषबाबू भिंतीवरून विचारायचे, “कॉय माछ, दादा?” आज कॉय मासे तळताय का, म्हणून. इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. पण सगळ्याला आधार म्हणून ह्यांनी बँकेच्या लिलावातून आणलेलं लोखंडी रॅक आडवं घातलं. मी म्हटलं, हे टिकणार नाही. तर छाती काढून म्हणाले, “ह्यानं तीस वर्षं फाइलींचं वजन पेललंय!”

“अहो, फाइली वरून बसतात. हे आडवं रेटणार आहे.”

ऐकतील तर शपथ. पंचमीला सकाळी नारळ फोडून मशीन सुरू केलं. कमिटीची माणसं आली होती, भोगाचा स्वयंपाकी ठाकूरही आला होता. दांडा पुढं सरकला, ओंडका पाचरीला टेकला, आणि फुटायच्या ऐवजी तो तसाच राहिला. रॅक मात्र धनुष्यासारखं वाकत वाकत कडाड्‌कन उसवलं. कोणी हसलं नाही, तेच वाईट. ठाकूर हळूच म्हणाला, “दादू, काठ कोथाय?” लाकूड कुठाय? सेक्रेटरी पोरगा भला, म्हणाला, “काकाबाबू, चिंता नको, आम्ही गॅस मागवतो.” व्याही आत गेले आणि खुर्चीत बसले. फाइल समोर होती, ती मिटून बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा घाबरलो.

“उठा पाव्हणं. लाकूड कसं फुटतं ते तुम्हाला कळलंय. लोखंड काय सोसतं ते मला कळतं. उद्या गर्डर आणतो.”

“पण तीन कोटेशनं तरी...”

“गप्प बसा.”

षष्ठीला मी हावड्याहून गर्डर आणला, मांडववाल्यांचा वेल्डर जवळजवळ बखोटीला धरून आणला आणि पाचर जोडून घेतली. सप्तमीला सकाळी व्याह्यांनी लिव्हर ओढला. ओंडका आधी कुरकुरला, मग टक्‌ असा आवाज झाला आणि आंब्याची दोन फाळकी दोन बाजूंना पडली. दिवसभर मी ओंडके लावत होतो आणि ते लिव्हर ओढत होते. माझा हात पाचरीजवळ गेला की ओरडायचे, “व्याहीबुवा, बोटं!” साहेबानं शिपायावर ओरडावं तसं. तेवढं मी ऐकून घेतलं.

अष्टमीला त्या लाकडावर खिचडी शिजली. ठाकुरानं न विचारता बादली व्याह्यांच्या हातात दिली. ह्यांनी जन्मात कधी वाढलं नव्हतं. प्रत्येकाला मोजून एक डाव, वर नाही, खाली नाही. माझ्या पानाशी आले, एक डाव वाढला, थांबले, आणि दुसरा वाढला. मी ‘पुरे’ म्हटलं, तर ऐकलं नाही.

आता अंगणात आंबा नाही आणि लाकूडही नाही, मशीन आहे. दर रविवारी फोन येतो, “व्याहीबुवा, तेल बदलायचंय, या जरा.” तेल कालच बदललेलं असतं. मी जातो. ते लिव्हर ओढतात, दांडा पुढं जातो, रिकामाच मागं येतो, आणि आम्ही दोघं चहा पीत ते बघत बसतो. परत येताना बसच्या खिडकीतून मी रस्त्याकडेची झाडं न्याहाळतो. वाळलेलं एखादं दिसलं की वाईट वाटतं. तरी कुठल्या स्टॉपजवळ आहे ते ध्यानात ठेवतो.